मासे सोडणं थांबवा, माशा मोजा

फ्लाय फिशिंग या नावात आधी माशी येते, मग मासेमारी. या खेळाचं वेड लागलेल्या पुष्कळांना हा क्रम आठवत नाही. त्यांच्या इन्स्टावर फक्त मासा असतो: ओंजळीत धरलेला, तांबड्या ठिपक्यांचा ब्राउन ट्राउट, मागे देवदार, खाली ‘कॅच अँड रिलीज’चा हॅशटॅग. माशी कुठेच नसते. सरकारी बातमीतही ती नसते. तिथे पाहुणे असतात, ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या असतात आणि किती मत्स्यबीज नदीत सोडलं त्याचा आकडा असतो. पिशवी उलटी होते, टाळ्या वाजतात, फोटो निघतो. त्या पिल्लांचं पुढे काय झालं, याचा फोटो कोणी काढत नाही.

मला या दोन्ही फोटोंशी भांडायचं आहे. या खेळात मी स्वतः जवळजवळ वीस वर्षं आहे, त्यामुळे हे भांडण घरातलं आहे. माझं म्हणणं असं: वाहत्या नदीत हॅचरीतले मासे ओतणं हे संवर्धन नाही. नदी आजारी आहे हे लपवायची ती सोय आहे. ज्याला ट्राउटचं खरंच वेड आहे त्याने माशाचं बीज मागू नये, पाणी मागावं. आणि पाणी बरं आहे की नाही हे आधी दगडाखालची माशी सांगते. मासा सांगतो तोवर फार उशीर झालेला असतो.

ज्यांनी हा प्रकार कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साध्या गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावतात, वर शिसं बांधतात आणि ते वजन लांब फेकतात. फ्लाय फिशिंगमध्ये आमिषाला जवळजवळ वजनच नसतं. गळाच्या आकड्यावर पिसं, केस आणि धागा गुंडाळून केलेली ती खोटी माशी असते. फुंकर मारली तर उडेल. म्हणून इथे दोर जड असतो. लवचीक रॉडने तो दोरच हवेत मागेपुढे झुलवायचा आणि पुढे टाकायचा. माशी त्याच्या टोकाला ओढली जाते आणि पाण्यावर अलगद उतरते. निदान उतरावी अशी अपेक्षा असते. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून एका जागी उभा असतो आणि वाहत येणारं खाणं निवडून टिपतो. त्या दिवशी त्या पाण्यातून ज्या जातीची माशी बाहेर पडते आहे, तिच्यासारखं काही समोर आलं तर तो वर येतो. नाही तर तुमच्या महागड्या रॉडकडे तो ढुंकूनही पाहत नाही.

थोडक्यात, हा खेळ खेळायचा तर कीटक ओळखता यावे लागतात. इंग्लंडमध्ये आल्फ्रेड रोनाल्ड्स यांनी १८३६ मध्ये ‘द फ्लाय-फिशर्स एंटोमॉलॉजी’ हे पुस्तक काढलं. त्यात खरी माशी आणि तिची धाग्या-पिसांची नक्कल यांची चित्रं शेजारी शेजारी छापली होती. मासे कसे पकडावेत हे शिकवणारं पुस्तक कीटकांच्या चित्रांनी भरलेलं होतं, आणि पुढच्या पिढ्यांनी ते त्याचसाठी जपलं.

त्या माशांमधली सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे मेफ्लाय. तिला एका दिवसाची पाहुणी समजतात. पंख फुटल्यावर ती काही तास, फार तर दोन-चार दिवस जगते. तिला खाता येईल असं तोंडसुद्धा उरलेलं नसतं. पण हा तिच्या आयुष्याचा शेवटचा अंक झाला. त्याआधी ती पाण्याखाली दगडाला चिकटून महिनोन्महिने राहिलेली असते. काही जातींना तर वर्ष-दोन वर्षं लागतात. तिथे ती कल्ल्यांनी श्वास घेते. पाण्यातला प्राणवायू घटला, गाळ साचला, कीटकनाशक उतरलं, तर ती पळून जाऊ शकत नाही. ती मरते. म्हणून मेफ्लाय, कॅडिस आणि स्टोनफ्लाय या तीन गटांवरून पाण्याचा दर्जा ठरवायची पद्धत जगभर रूढ आहे. मी सॉफ्टवेअरवाला आहे, माझ्या भाषेत सांगतो: प्रयोगशाळेत नेलेली पाण्याची बाटली हा स्क्रीनशॉट आहे, दगडाखालची माशी हा लॉग आहे. स्क्रीनशॉट घेताना सगळं ठीक दिसू शकतं. लॉगमध्ये मागच्या कित्येक महिन्यांत काय कोसळलं ते लिहिलेलं असतं.

वडिलांच्या नोकरीमुळे माझ्या शाळेची पहिली काही वर्षं कुलू जिल्ह्यात गेली. शेजारी एक चाचा राहायचे, ते ट्राउटसाठी नदीवर जायचे. मी मागे लागलो तर त्यांनी पहिला अख्खा उन्हाळा मला रॉडला हात लावू दिला नाही. दगड उलटायला लावले. खाली काय चिकटलंय ते बघ, किती शेपट्या आहेत ते मोज, आणि दगड जसा होता तसाच परत ठेव, कोणाचं तरी छप्पर आहे ते. तीन शेपट्यांची बहुतेक मेफ्लाय, दोन शेपट्यांची बहुतेक स्टोनफ्लाय, वाळूच्या कणांचं घर करून आत बसलेली कॅडिस. आज पुण्यात कोड लिहून पोट भरतो आणि रजा साठवून वर्षातून एकदा-दोनदा हिमाचलात जातो. अजूनही पाण्यात उतरलो की पहिला अर्धा तास दगडांचा. मासा मिळो न मिळो, नदी कशी आहे हे तेवढ्यात कळतं.

हे नुसतं हळवेपण वाटत असेल तर केनेट नदीचं काय झालं ते बघा. दक्षिण इंग्लंडमध्ये चुनखडीच्या खडकातून झिरपून येणाऱ्या नितळ नद्या आहेत. जगात अशा नद्या दोनशेच्या आसपास, त्यातल्या बहुतेक इंग्लंडमध्ये. आधुनिक फ्लाय फिशिंगचं बरंचसं शास्त्र याच काठांवर घडलं. तिथले गळ टाकणारे स्वयंसेवक महिन्यातून एकदा ठरलेल्या जागी जाळी घेऊन उतरतात, तीन मिनिटं पायाने तळ ढवळतात आणि जाळीत आलेल्या कीटकांचे आठ गट मोजतात. आकडा ठरलेल्या पातळीखाली गेला की सरकारी पर्यावरण यंत्रणेला कळवतात. जुलै २०१३ मध्ये मार्लबरो गावाजवळ केनेटमध्ये उतरलेल्या अशा स्वयंसेवकांना जाळीत मेलेले जीव सापडले. क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातून नदीत उतरलं होतं. सुमारे पंधरा किलोमीटरच्या पट्ट्यातले कीटक आणि पाण्यातल्या बारीक कोळंब्या साफ झाल्या.

त्या दिवशी मासे मेले नव्हते. पुलावर उभं राहून बघणाऱ्याला नितळ पाणी दिसलं असतं, त्यात पोहणारा ट्राउट दिसला असता, आणि त्याने मस्त फोटो काढला असता. मासे मोजणाऱ्या कुठल्याही अधिकाऱ्याने नदीला पैकीच्या पैकी मार्क दिले असते. ताटातलं सगळं अन्न संपलं होतं, जेवणारे तेवढे अजून ताटावर बसलेले होते. हे कळलं फक्त माशा मोजणाऱ्यांना.

आता समजा केनेटवर कोणी ‘मासे वाढवा’ मोहीम काढली असती आणि पिशव्या उलट्या केल्या असत्या. उपाशी नदीत आणखी पोटं. आपल्याकडे नेमकं हेच चालतं. याला पर्याय काय, असं विचारणाऱ्यांनी अमेरिकेतल्या माँटाना राज्याकडे बघावं.

माँटाना म्हणजे ट्राउटवेड्यांची पंढरी. तिथेही अनेक दशकं हॅचरीतले मासे ट्रक भरभरून नद्यांत सोडले जात. त्यावर लोकांच्या नोकऱ्या होत्या, पर्यटन होतं, राजकारण होतं. मग डिक विन्सेंट नावाच्या सरकारी मत्स्यशास्त्रज्ञाने मॅडिसन नदी आणि जवळच्या ओडेल क्रीकमध्ये एक साधी गोष्ट तपासली. एका ठिकाणी मासे सोडणं बंद केलं, दुसऱ्या ठिकाणी सुरू केलं. जिथे बंद केलं तिथे नदीतच जन्मलेले ट्राउट वाढले. जिथे सुरू केलं तिथे ते घटले. हॅचरीचा मासा मोठा होतो सिमेंटच्या टाकीत, वेळेवर पडणाऱ्या खाण्यावर. नदीत आल्यावर तो जागेसाठी आणि खाण्यासाठी इतरांशी धक्काबुक्की करतो, मूळच्या माशांची घडी विस्कटतो आणि बहुतेकदा स्वतःही फार दिवस टिकत नाही. हे निष्कर्ष आल्यावर दुकानदार भडकले, गळवाले भडकले. तरीही १९७४ मध्ये माँटानाने आपलं आपण ट्राउट टिकवू शकणाऱ्या नद्यांत मासे सोडणं थांबवलं. आज जगभरातून लोक तिथे जातात ते त्या नदीत जन्मलेल्या माशासाठी.

या निर्णयातला महत्त्वाचा भाग पुढचा आहे. ट्रक बंद झाल्यावर लपायला जागा उरली नाही. मासे कमी झाले तर कारण नदीतच शोधावं लागणार: धरणातून पाणी कधी आणि किती सोडलं, काठावरची झाडी कोणी तोडली, पाणी किती तापलं. आता तिथल्या नियमांत थर्मामीटर आहे. पाणी सलग तीन दिवस ७३ फॅरनहाइटला, म्हणजे साधारण २३ सेल्सियसला पोचलं, तर दुपारी दोन ते मध्यरात्र गळ टाकायला बंदी येऊ शकते. गरम पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि दमवून सोडलेला ट्राउट मरू शकतो, म्हणून.

आता आपल्याकडे या. भारतात ट्राउट मुळात नव्हताच. निलगिरीच्या थंड ओढ्यांत तो आणायचा फ्रान्सिस डे यांचा १८६३ मधला प्रयत्न फसला. काश्मीरसाठी १८९९ मध्ये विलायतेहून पाठवलेली अंडी वाटेतच मेली, १९०० मध्ये आलेली जगली. कुलू खोऱ्यात तो १९०९ च्या सुमाराला पोचला. साहेबाला डोंगरात स्कॉटलंडची आठवण यायची, त्या आठवणीचं हे मत्स्यबीज. त्याला आता सव्वाशे वर्षं झाली. साहेब गेला, हॅचरी राहिली, आणि मासे ओतायची सवयही राहिली. आज ‘जंगली हिमालयन ब्राउन ट्राउट’ अशी जाहिरात करून सहली विकल्या जातात. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने जगातल्या शंभर सर्वांत त्रासदायक घुसखोर प्रजातींची यादी केली आहे. तिच्यात ब्राउन ट्राउट आहे आणि रेनबो ट्राउटही आहे. आमच्या कंपूत ही यादी कोणी फॉरवर्ड करत नाही.

त्या नद्यांचा मूळचा रहिवासी आहे स्नो ट्राउट. नावात ट्राउट असला तरी तो आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातला. उत्तराखंडात त्याला असेला म्हणतात. त्याच्यासाठी सहली नाहीत, हॅशटॅग नाही. ब्राउन ट्राउट त्याच्याच पाण्यात राहतो आणि मोठा झाला की त्याची पिल्लंही खातो. म्हणून वाहत्या पाण्यात ट्राउट सोडण्याला संवर्धन म्हणणं हा शब्दाचाच अपमान आहे. ट्राउटशेतीबद्दल माझी तक्रार नाही. हिमाचलातले शेतकरी सिमेंटच्या कालव्यांत ट्राउट वाढवतात, विकतात, त्यांचं घर चालतं. ती शेती आहे, तिला शेती म्हणा. आपल्याकडच्या तलावांत आणि जलाशयांत कटला-रोहूचं बीज सोडून भोई बांधव पोट भरतात, तेही तसंच. शेतीला निसर्गसेवेचा फेटा बांधला जातो, तिथे मी आडवा येतो.

इथे माझ्याच बाजूचे लोक एक जोरदार मुद्दा काढतात: तीर्थन. कुलू जिल्ह्यातली ही नदी जलविद्युत प्रकल्पांपासून वाचली. माजी आमदार दिलाराम शबाब यांनी त्यासाठी लढा उभारला, तो न्यायालयापर्यंत नेला, आणि तीर्थन ही ट्राउटची नदी आहे हा त्यातला एक कळीचा मुद्दा होता. मग परक्या माशाने नदी वाचवली की नाही? वाचवली. मी ते नाकारत नाही, उलट माझा मुद्दा त्यातून पक्का होतो. त्या लढ्याने मागितलं काय? आणखी बीज नाही मागितलं. नदी बोगद्यात घालू नका, तिला वाहू द्या, असं मागितलं. ट्राउटच्या नावाने पाणी मागितलं म्हणून तीर्थन वाहते आहे. त्याच जिल्ह्यात प्रकल्पांनी पाणी वळवलेल्या पट्ट्यांत ट्राउटचं कितीही बीज ओतलं तरी तीर्थन होणार नाही.

हिमाचलात प्रकल्पांनी कोरड्या हंगामातल्या प्रवाहाच्या किमान १५ टक्के पाणी खाली सोडायचं, असा नियम आहे. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१७ मध्ये देशभरासाठी १५ ते २० टक्क्यांची भाषा केली. आकडा पुरेसा आहे का, हा एक वाद. पण तेवढं तरी खरंच सुटतं का, हे रोज कोण बघणार? वर्षभर तिथे राहणारी साक्षीदार कोण? पुन्हा तीच, दगडाखालची. चार दिवस पाणी तोडलं तर कागदावर सरासरी जुळवता येते. सुकून मेलेल्या मेफ्लायची सरासरी काढता येत नाही.

दुसरा आक्षेप बाहेरून येतो आणि तो मला जास्त गंभीर वाटतो. मौजेसाठी एखाद्या जिवाच्या जबड्यात आकडा अडकवायचा आणि मग संवर्धनाच्या गप्पा मारायच्या? प्रश्न बरोबर आहे. पकडून सोडलेल्या माशाला त्रास होतो, त्याला पुण्य समजणारे स्वतःला फसवतात. काटा नसलेला आकडा वापरा, मासा पाण्याबाहेर काढू नका, गरम दिवसांत जाऊच नका. तरीही त्रास शून्य होत नाही. जो माणूस पकडून घरी नेतो आणि खातो तो माझ्या मते आमच्यापेक्षा जास्त सरळ आहे. मग या खेळाला उभं राहायला जागा कुठली? एकच. नदीत तासन् तास उभा राहणारा माणूस जे बघतो ते त्याने लिहून ठेवावं आणि चारचौघांत सांगावं. तेवढं केलं नाही तर बंदी मागणाऱ्यांना माझ्याकडे उत्तर नाही.

ते लिहून ठेवलं तर काय होतं, याचं उदाहरण ट्राउटचं नाही, महाशीरचं आहे, आणि त्याचा एक धागा थेट पुण्यात येतो. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या एका महाशीरचं शास्त्रीय वर्णन छापलं आणि त्याला ‘खुद्री’ हे नाव दिलं. हा दख्खनचा महाशीर. धरणं आणि प्रदूषणाने तो घटत चालला, तेव्हा लोणावळ्याला टाटांच्या वळवण तलावापाशी त्याची पैदास सुरू झाली. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी या माशाच्या कृत्रिम प्रजननावर केलेलं काम देशात पायाभूत मानलं जातं. हेतू चांगला होता, काम कष्टाचं होतं. खुद्री एकेकाळी धोक्यातल्या प्रजातींत गणला जायचा, आता त्या यादीतून बाहेर आहे. इथवर कौतुकच.

पण लोणावळ्याची पिल्लं इतर राज्यांतही गेली, आणि १९७० च्या दशकापासून ती कावेरीत सोडली गेली. कावेरीत आधीच स्वतःचा एक महाशीर होता: पाठीवर कुबड असलेला, नारिंगी परांचा, अजस्र. १९४६ मध्ये कबिनी नदीत व्हॅन इंगन यांनी पकडलेला असा एक मासा १२० पौंडांचा, म्हणजे ५४ किलोंच्या वर होता. त्याच खोऱ्यात निळ्या परांचा खुद्री आला आणि पसरला. कावेरीकाठच्या गलिबोरे इथल्या कॅम्पवर परवाना घेऊन गळ टाकणारे लोक मासा पकडून सोडत आणि वहीत नोंद करत: तारीख, वेळ, वजन, रंग. १९९८ ते २०१२ अशा त्या वह्या. संशोधकांनी त्या उघडल्या तेव्हा चित्र स्पष्ट झालं. एकूण महाशीर वाढत होते. कुबडवाले नाहीसे होत होते. २०१८ मध्ये त्या माशाची शास्त्रीय ओळख एकदाची पक्की झाली, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. एवढा मोठा, एवढा प्रसिद्ध मासा. त्याला नाव मिळालं ते जवळजवळ संपल्यावर.

या गोष्टीत दोन धडे आहेत. पहिला: चांगल्या हेतूने, चांगल्या शास्त्रज्ञांनी, आपल्याच देशातला मासा आपल्याच दुसऱ्या नदीत नेला तरी अनर्थ होऊ शकतो. ट्राउट तर सातासमुद्रापलीकडचा. दुसरा: ही बातमी जगाला दिली ती गळ टाकणाऱ्यांच्या वहीने. वन्यजीव कायद्याचा अर्थ लावून तिथली गळमासेमारी बंद झाली आणि त्याबरोबर ती वहीही मिटली. बंदीने नदीतली वाळू चोरणारा थांबत नाही, सुरुंग लावून मासे मारणारा थांबत नाही. थांबतो तो फक्त नोंद करणारा.

आणि खुद्रीचं मूळ गाव? पुण्याच्या पुलांखालून आज जे वाहतं त्यात महाशीर जगेल असं कोणी छातीठोकपणे म्हणणार नाही. साइक्सचा मासा आपण दुसऱ्या राज्यांना पुरवला आणि त्याचं घर गटार केलं. यापेक्षा स्वच्छ शब्दांत ‘मासे सोडणं’ या कल्पनेचा फोलपणा मला सांगता येणार नाही. मासा टिकला, नदी गेली, आणि आपण त्याला यश म्हणतो.

राखणं म्हणजे काय हे आपल्या लोकांना माहीत नव्हतं असं मात्र नाही. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. देवीच्या नावाने राखलेला डोह. तिथले महाशीर कोणी मारत नाही. वाडा तालुक्यात तिळसे इथे वैतरणेवर शंकराच्या देवळापाशी तसंच. या गावांनी हॅचरी काढली नाही. त्यांनी जागा राखली. मासा कोणी सोडायचा नाही, कोणी धरायचा नाही, डोह मोडायचा नाही. एवढं केलं की बाकीचं काम मासा स्वतः करतो. माँटानाला १९७४ मध्ये जे कळलं ते वाळणकोंडाच्या गावकऱ्यांना आधीपासून ठाऊक होतं. त्याला श्रद्धा म्हणून सोडून देण्याआधी आपण इंजिनियर लोकांनी एकदा विचार करावा.

इंजिनियरांवरून आठवलं. हे वाचून कोणाला तरी ॲप बनवायची सुरसुरी येणार. मी माझ्या जमातीला ओळखतो. डॅशबोर्ड होईल, लोगो होईल, आणि पाण्यात कोणी उतरणार नाही. आधी उतरा. ॲप नंतर.

माझ्या मागण्या मोजक्या आहेत. वाहत्या नद्यांत आणि ओढ्यांत ट्राउट सोडणं बंद करा. शेती टाक्यांत आणि कालव्यांत करा. हिमाचल आणि काश्मीरमध्ये जो ट्राउट आता आपला आपण जगतो आहे तो जगू दे, त्याला सरकारी कुमक नको. स्नो ट्राउटच्या प्रजननाचे ओढे आधी राखीव करा. गळाच्या प्रत्येक परवान्याबरोबर नोंदवही सक्तीची करा: मासा कुठला, किती, पाण्याचं तापमान किती, दगडाखाली काय होतं. वही परत दिली नाही तर पुढच्या वर्षी परवाना नाही. आणि त्या नोंदी लोकांना बघायला खुल्या ठेवा. जलविद्युत प्रकल्पाच्या खाली आणि वर, दोन्हीकडे, दर महिन्याला कीटक मोजा, आणि मोजणी प्रकल्पवाल्यांच्या हातात देऊ नका. शाळा आहेत, कॉलेजं आहेत, गावातले मच्छीमार आहेत. त्यांना आपल्यापेक्षा नदी जास्त कळते, त्यांना मानधन द्या.

महाराष्ट्रात ट्राउट नाही, पण दगड आहेत. सह्याद्रीच्या ओढ्यांतही मेफ्लाय आहे, कॅडिस आहे. पुढच्या ट्रेकला जाल तेव्हा पाऊस ओसरल्यावर एखाद्या वाहत्या ओढ्यात उतरा. घोट्याएवढं पाणी पुरे. तळहाताएवढा दगड उचला आणि उलटा करा. काही वळवळलं तर शेपट्या मोजा, फोटो काढा, तारीख आणि जागा लिहा, दगड परत तसाच ठेवा. पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा. मग तुमच्या गावात नदीकाठी कोणी पिशवी घेऊन फोटोला उभं राहिलं तर त्याला एकच विचारा: हे सोडण्याआधी दगडाखाली बघितलंत का? उत्तर ‘नाही’ असेल तर टाळ्या वाजवू नका.